माळ हिरवागार, तरी जनावर उपाशी का?

(गावरेडिओवरचं बोलणं, लेखी रूपात)

 

बचत गटाच्या बैठकीत शेळ्या-गाईंचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, यंदा पाऊस बरा झाला. गायरान हिरवंगार दिसतंय. मग सकाळी सोडलेलं जनावर संध्याकाळी पोट खपाटीला गेलेलंच का येतं?" प्रश्न साधा आहे, पण त्यात आपला पैसा अडकलेला आहे. गटाचं कर्ज काढून शेळ्या घेतल्या, हप्ता दर महिन्याला भरायचा आहे, आणि पावसाळ्यातसुद्धा चारा विकत आणायची वेळ आली तर नफा सगळा कडब्याच्या पेंढीत जातो. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिला तर गायरान आणि रस्त्याकडेची जागा सोडली तर चाऱ्याचा दुसरा आधारच नाही.

तर आज आपण त्या हिरव्या रंगाच्या आत काय आहे ते बघू. माळावर उगवलेलं सगळं हिरवं म्हणजे चारा नसतो. जवळ जाऊन बघा. काँग्रेस गवत आहे, तरोटा आहे, कुसळी आहे, घाणेरी आहे. मारवेल, पवना कुठंतरी काट्याच्या आडोशाला एखादा ठोंब. जनावराला जे हवं ते कमी आणि जे नको ते रानभर. असं का होतं? ते कळायचं असेल तर झाडाझाडांमध्ये चाललेली ओढाताण समजून घ्यावी लागेल. एक ओढाताण वर चालते, उजेडासाठी. दुसरी खाली चालते, मातीतल्या कसासाठी. आणि या दोन्हींत कोण जिंकणार, ते बऱ्याच अंशी आपलं जनावर आणि आपला विळा ठरवतो.

उजेडाची ओढाताण

झाड आपलं अन्न पानात तयार करतं. त्याला ऊन लागतं, हवा लागते आणि मुळांनी आणलेलं पाणी लागतं. ऊन मिळालं नाही तर बाकी सगळं असून उपयोग नाही. चूल पेटलीच नाही तर घरात पीठ असून भाकरी होत नाही, तसंच.

ऊन वरून येतं. म्हणून जो उंच, त्याला आधी मिळतं. त्याच्या पानांतून गाळून जे उरलं ते खालच्याला. ज्वारी दाट पेरली आणि मधे मूग टाकला की मूग कसा होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. वेल लांबतो, पानं फिकी पडतात, शेंगा धरत नाहीत. मूग वाईट नव्हता. त्याला वरून ऊन पोचलं नाही.

यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. उजेडाच्या भांडणात वाटणी सारखी होत नाही. एक झाड दुसऱ्यापेक्षा चार बोटंच उंच असलं, तरी ते दुसऱ्यावर सावली धरतं. मग उंच झाड आणखी जोरात वाढतं, ठेंगणं आणखी मागे पडतं. फरक दिवसागणिक वाढत जातो. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला जो आधी उगवला आणि आधी वर गेला, त्याला मोठा फायदा मिळतो. उशिरा उगवणारं बी त्याच्या सावलीत कोमेजून जातं.

सावलीत सापडलेलं झाड गप्प बसत नाही. ते आपली ताकद खोडात आणि पानात घालतं, वर जायला धडपडतं. दाटीतली रोपं उंच, काटकुळी आणि वाऱ्याला आडवी होणारी का असतात, त्याचं कारण हेच. ताकद वर गेली की मुळांच्या वाट्याला कमी येते. म्हणजे वरचं भांडण खालच्या भांडणावरही परिणाम करतं.

मातीखालची ओढाताण

आता खाली बघू. झाडाला मातीतून मुख्य तीन गोष्टी लागतात: नत्र, स्फुरद आणि पालाश. खताच्या पोत्यावर जे तीन आकडे छापलेले असतात, ते याच तिघांचे. पानाचा हिरवेपणा आणि वाढ यासाठी नत्र, मुळं आणि बी यासाठी स्फुरद, ताठपणा आणि पाण्याचा ताण सोसायला पालाश, असं ढोबळमानानं धरून चाला.

खालचं भांडण वरच्याहून वेगळं असतं. उजेडात उंच झाड वरचा सगळा वाटा घेऊन बसतं. मातीत तसं होत नाही. ज्याच्या मुळांचा पसारा जेवढा, त्याला साधारण तेवढा वाटा. लहान झाडालाही त्याच्यापुरतं काही ना काही मिळतं. त्यामुळे ज्या जमिनीत कस कमी आणि सगळी झाडं खुरटी, तिथं उलट जास्त प्रकारची गवतं एकमेकांशेजारी नांदताना दिसतात. कोणालाच एवढं पोसणं मिळत नाही की ते दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसेल.

कस कमी असला की जिंकण्याचा नियमही बदलतो. तिथं उंचीला महत्त्व नाही, काटकसरीला आहे. जे झाड थोडक्यात भागवतं, मातीतलं अन्न इतरांपेक्षा खाली उतरवूनही जगतं, ते टिकतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक नावाच्या ठिकाणी डेव्हिड टिलमन या शास्त्रज्ञांनी गवताळ रानात वर्षानुवर्षं प्रयोग करून हा विचार मांडला. आपल्याकडे बचत गटात हा हिशोब सांगावा लागत नाही. तंगीच्या वर्षी कमी पैशात घर चालवणारी बाईच तग धरते.

मुळांच्याही तऱ्हा असतात. गवताची मुळं झिपऱ्यांसारखी, दाट. ती बहुतेक वरच्या थरात पसरतात आणि पाऊस पडला की नत्र पटकन उचलतात. झुडपांची मुळं खोल जातात आणि वरचा थर वाळला तरी खालची ओल शोधतात. नत्र पाण्याबरोबर हलतं, मुळाकडे वाहत येतं, तसंच जोराच्या पावसात खाली निघूनही जातं. स्फुरदाचं तसं नाही. ते मातीला चिकटून बसतं, जागचं हलत नाही. मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. यात मुळांवर वाढणाऱ्या बुरशीचे बारीक धागे मदत करतात. झाड बुरशीला साखर देतं, बुरशी झाडाला स्फुरद आणून देते.

आणि एक जात अशी आहे की जी नत्रासाठी कोणाशी फारसं भांडत नाही. शेंगा धरणारी झाडं. तूर, हरभरा, सोयाबीन उपटलं की मुळांवर गाठी दिसतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. गायरानातही रानमूग, रानमटकी यांसारखे वेल याच जातीचे. गवताला खतासारखे आणि शेळीला खुराकासारखे. पण हे वेल ठेंगणे असतात. भोवतालचं गवत फार उंच आणि दाट झालं की उजेडावाचून तेच आधी जातात.

आपल्या जिल्ह्याचा माळ

आपला परभणी जिल्हा म्हटलं की लोकांना काळी जमीन आठवते. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या काठची काळी कसदार आहेच. पण जिंतूरकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेची टोकं येतात, गंगाखेडकडे बालाघाटची. तिथं वीतभर मातीखाली मुरूम लागतो. गायरानं बहुतेक अशाच बरड, मुरमाड जागी असतात. चांगली जमीन वहितीला गेली आणि उरलेली जनावरांना राहिली.

डबडघाव आणि शंकरनारायण या दोन अभ्यासकांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ रानांचं वर्गीकरण मांडलं. त्यात आपला दख्खनचा मुलूख पवना आणि मारवेल या गवतांचा धरलेला आहे. म्हणजे नीट राखलेल्या माळावर हीच गवतं यायला हवीत. मारवेल भारी, ओल धरणाऱ्या जमिनीत जास्त खुलतं. पवना माळरानाच्या बऱ्यापैकी मातीत येतो. दोन्ही जनावरं आवडीनं खातात.

पण सतत आणि फार चराई झाली की ही गवतं मागे पडतात आणि त्यांच्या जागी कुसळी येते. कुसळी कोवळी असताना जनावर खातं. कुसळ धरलं की तोंडाला टोचतं, लुगड्याला चिकटतं, मेंढीच्या लोकरीत शिरतं. तिचं बी तर ओल लागली की पीळ सोडत स्वतःच जमिनीत घुसतं. त्यानंतरही चराई थांबली नाही, माती उघडी पडली, वाहून गेली, तर बारीक, काटकुळी, चव नसलेली गवतं उरतात. म्हणून म्हातारी माणसं माळावर काय उगवलंय ते बघून माळाची तब्येत सांगतात. ते खरंच आहे.

खत टाकलं तर माळ सुधारेल का?

एका बैठकीत एकीनं विचारलं, "मग गायरानात युरिया फेकला तर?" विचार चुकीचा नाही. पिकाला देतो, गवताला का नको? याचं उत्तर शोधायला जगात खूप जुने प्रयोग झाले आहेत.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. तिथल्या एका कुरणाचे तुकडे पाडून १८५६ साली प्रयोग सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. काही तुकड्यांना खत अजिबात नाही, काहींना दरवर्षी ठरलेलं खत. खत न दिलेल्या तुकड्यात आजही पस्तीस-चाळीस प्रकारच्या वनस्पती आहेत. भरपूर नत्र दिलेल्या काही तुकड्यांत मोजक्या दोन-तीनच उरल्या. चारा वजनाला वाढला, पण बाकीच्या जाती गेल्या. तिथं काही तुकड्यांची माती खतामुळे आंबट झाली, हेही एक कारण होतं. पण एवढ्यानं सगळा उलगडा होत नव्हता.

मग स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या संशोधकांनी एक युक्ती केली. त्यांनी गवत-झाडोऱ्याचे चौकोन घेतले, काहींना खत दिलं आणि खत दिलेल्यांतल्या काही चौकोनांत, उंच गवताच्या खाली, ठेंगण्या झाडांच्या उंचीवर ट्यूबलाइटी लावल्या. नुसतं खत दिलेल्या चौकोनात ठेंगणी झाडं मेली. खतही दिलं आणि खाली उजेडही दिला, तिथं ती जगली. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे खतानं ठेंगण्या झाडांना मारलं नव्हतं. खतानं उंच झाडं माजली आणि त्यांनी उजेड तोडला.

माळावर कस कमी असतो तोवर भांडण मुळांचं असतं आणि बरेच जण निभावतात. कस वाढला की भांडण वर सरकतं आणि उंच, भराभर वाढणारे जिंकतात. आपल्या गायरानात भराभर वाढणारं कोण आहे? काँग्रेस गवत आणि तरोटा. नुसता युरिया फेकला तर मारवेल वाढायच्या आधी तेच कंबरेला लागतील. उकिरड्याच्या कडेला, रस्त्यालगत, गावाच्या पांदीत काँग्रेस गवत किती माजतं बघा. तिथं कसही आहे आणि माती उकरलेलीही आहे.

जनावर आणि विळा काय करतात

मग उजेड खाली पोचवायला आपण माळावर ट्यूबलाइट लावायची का? त्याची गरज नाही. ते काम जनावर करतं. गाय उंच गवत खाते, तेवढी सावली कमी होते, खालच्या वेलाला ऊन मिळतं. ६ खंडांतल्या ४० गवताळ ठिकाणी एकाच पद्धतीनं प्रयोग करून २०१४ साली हेच दाखवण्यात आलं: जिथं चराईमुळे जमिनीपर्यंत उजेड जास्त पोचला, तिथं जास्त प्रकारच्या वनस्पती टिकल्या.

म्हणून चराई वाईट, असं मी म्हणणार नाही. माळ आणि जनावर यांचं नातं जुनं आहे. आपली लाल कंधारी गाय अशाच रानांवर पोसली. घात होतो तो दोन गोष्टींनी: अवेळी चराई आणि सततची चराई.

अवेळी म्हणजे पहिल्या पावसानंतर लगेच. गवताचा ठोंब उन्हाळाभर बुडात आणि मुळांत थोडा साठा राखून असतो. पहिला पाऊस पडला की तो साठा खर्चून पहिली पाती काढतो. ती पाती उन्हात काम करून साठा परत भरणार असतात. नेमकी तेव्हाच शेळी-गाय सोडली की पाती गेली, साठाही गेला. ठोंब पुन्हा पाती काढतो, ती पुन्हा खाल्ली जातात. मुळं आखडत जातात. मुळं आखडली की खालच्या भांडणातही तो हरतो. याला कर्जाचं उदाहरण घ्या. बी-भांडवल आलं त्याच दिवशी खर्चून टाकलं, तर धंदा उभाच राहत नाही.

सततच्या चराईत निवड होते. जनावर चवीचं तेवढं खातं, कडू सोडून देतं. मारवेल दर आठवड्याला बुडापर्यंत खाल्लं जातं आणि काँग्रेस गवताला तोंडही लागत नाही. म्हणजे आपणच एका बाजूला दररोज छाटतो आणि दुसऱ्याला मोकळं सोडतो. मग वर उजेड कोणाला मिळणार? ज्याला कोणी खात नाही त्याला.

गवताच्या बाजूनं एक चांगली गोष्ट आहे. त्याचा वाढणारा कोंब बुडाशी, जमिनीलगत असतो. म्हणून वरून कापलं तरी ते परत फुटतं. काँग्रेस गवत, तरोटा यांचे वाढते शेंडे वर असतात. कापणी आणि चराई योग्य वेळी झाली, तर गवतच पुढे जातं. फक्त बुडाशी चार बोटं शिल्लक ठेवायला हवीत आणि परत फुटायला दिवस द्यायला हवेत.

काँग्रेस गवताशी कसं वागावं

याला पुस्तकात गाजर गवत म्हणतात. ते मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली आणि नंतर देशभर पसरलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं, असं मानलं जातं. ते इतकं पुढे का जातं, ते आता तुम्हीही सांगू शकाल. उघडी जमीन मिळाली की ते लवकर उगवतं. आधी पानांचं चक्र जमिनीला चिकटून पसरवतं, म्हणजे शेजारी दुसरं बी उगवलं तरी त्याला ऊन नाही. मग खोड वर काढतं. महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. एका मोठ्या झाडाला हजारो बिया धरतात. मुळांतून आणि पानांतून असे पदार्थ सोडतं की शेजारच्या बियांची उगवण दबते. आणि जनावर खात नाही. काही जनावरांनी खाल्लं तर दुधाला कडवटपणा येतो.

उपाय वेळेवर केला तरच उपयोग. फुलाआधी उपटायचं, पावसानं माती ओली असताना, मुळासकट. फुलावर आल्यावर उपटून बांधावर टाकलं की बी तिथंच पडलं, मेहनत वाया. उपटताना हातमोजे घाला, नाहीतर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, तोंडाला पदर घ्या. अंगाला खाज, पुरळ, दमा असलेल्या बायांनी या कामाला लागूच नये. त्यांना बाकीची कामं द्या.

उपटल्यावर जागा उघडी ठेवू नका. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. उघडी जागा म्हणजे पुन्हा त्यालाच आमंत्रण. तिथं लगेच दुसरं काही लावा. गायरानात मारवेलचे ठोंब आणि स्टायलो. स्टायलो ही शेंगवर्गातली चाऱ्याची वनस्पती, गवताबरोबर चांगली जमते. मारवेलच्या 'फुले मारवेल' या जाती राहुरीच्या विद्यापीठानं दिलेल्या आहेत. रस्त्याच्या कडेला, उकिरड्याजवळ मात्र तरोट्याचं बी फेकलेलं चालतं. तो दाट उगवतो आणि काँग्रेस गवताचा उजेड तोडतो. पहिल्या पावसात त्याच्या कोवळ्या पानांची भाजी आपण खातोच. पण मोठा तरोटा जनावर खात नाही, म्हणून तो गायरानात आणू नका.

आणखी एक मदतनीस आहे: मेक्सिकन भुंगा. हा काँग्रेस गवताचीच पानं खातो. आपल्या देशात १९८४ पासून तो सोडला जातो. पावसाळ्यात त्याचं काम चांगलं दिसतं. आपल्या परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून. तिथल्या कीटकशास्त्राच्या लोकांकडे या भुंग्यांची चौकशी करा. एकटीनं जाण्यापेक्षा ग्रामसंघाचं पत्र घेऊन दोघी-तिघी जा.

गायरान राखायचं, पण कोणाच्या पोटावर?

आता अवघड भाग. अहिल्यानगर (आधीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांची नावं आपण ऐकतो. तिथं चराईबंदी झाली, गवत वाढलं, कापून नेऊन जनावरं गोठ्यात पोसली. हे खरं आहे आणि शिकण्यासारखं आहे. पण चराईबंदी म्हटली की गटातल्या काही बाया गप्प होतात. ज्यांच्याकडे दोन शेळ्या आहेत आणि जमीन नाही, त्या. ज्यांच्या वावरात कडबा आहे, त्यांना बंदी सोसवते. जिला रोज मजुरीला जायचं आहे आणि शेळ्या सोडूनच द्यायच्या आहेत, तिनं काय करायचं?

म्हणून सगळं गायरान एकदम बंद करू नका. तीन भाग करा. एक भाग पावसाळाभर बंद. दुसरा पहिल्या पावसानंतर पाच-सहा आठवडे बंद, मग खुला. तिसरा नेहमीसारखा खुला. पुढच्या वर्षी भाग फिरवा. तीन वर्षांत प्रत्येक भागाला एक पूर्ण विश्रांती मिळते, ठोंब मुळं भरून घेतात, बी पडतं. बंद भागात जनावर नाही, पण विळा चालतो. गवत फुलावर येऊ लागलं की कापा, तेव्हा चाऱ्यात कस असतो. सगळं कापू नका, पट्टे सोडा, म्हणजे बी धरेल. कापलेला भारा भूमिहीन घरांना आधी द्यायचा, असा ठराव गटानं लिहून ठेवावा.

बंदच्या काळात शेळीला शेवरी, सुबाभूळ, हादगा यांचा पाला उपयोगी पडतो. शेळी मुळातच पाला ओरबाडणारी, गाय-म्हैस गवत खाणारी. दोघी वेगवेगळं खातात. बांधावर आणि घरामागे शेवरी लावायला फार जागा लागत नाही. पशुसखी ताईला याची माहिती असते, तिला विचारा.

गायरान ही कोणा एका घराची जागा नसते. ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात असते, म्हणून ठरावही तिथंच व्हायला हवा. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. ती केवळ सह्यांपुरती होऊ देऊ नका. चारा हा बायांचा विषय आहे, कारण भारा आपल्या डोक्यावर असतो. तिथं हा तीन भागांचा मुद्दा मांडा, लिहून घ्या, वाचून घ्या.

बांधावरचा प्रयोग

माझं ऐकून विश्वास ठेवू नका, करून बघा. सुतळी, आठ-दहा खुंट्या आणि एक विळा एवढंच लागतं. बांधावर किंवा गायरानाच्या कडेला, जिथं दोन-चार प्रकारचं गवत मिसळून आलंय, तिथं दोन हात लांब, दोन हात रुंद असे चार चौकोन आखा. जनावर शिरू नये म्हणून काट्या लावा.

पहिला चौकोन तसाच सोडा.

दुसऱ्यात दर तीन आठवड्यांनी गवत वीतभर उंचीवर कापा.

तिसऱ्यात चांगला पाऊस झाल्यावर दोन चहाचे चमचे युरिया, महिन्यानं परत दोन चमचे. कापायचं नाही.

चौथ्यात तेवढाच युरिया आणि दुसऱ्यासारखं कापणंही.

पहिल्या दिवशी प्रत्येक चौकोनात किती प्रकारची झाडं आहेत ते मोजा. नाव माहीत नसलं तरी चालेल, पान बघून "हे वेगळं" एवढं ओळखलं तरी पुरे. दसऱ्याच्या सुमारास परत मोजा. तिसऱ्या आणि चौथ्या चौकोनात फरक पडतो का, ते बघा. शाळेत जाणाऱ्या लेकींना वहीत लिहायला लावा. युरियाच्या चौकोनातलं गवत जनावराला घालू नका आणि युरियाची पिशवी शेळ्या-गाईंच्या तोंडाला लागणार नाही अशी उंच ठेवा. पोटात गेला तर जनावर दगावतं.

गटात बोलण्यासाठी

या महिन्याच्या बैठकीत हे चार प्रश्न घ्या.

१. आपल्या गायरानात जनावर खातं अशी किती गवतं उरली आहेत? म्हाताऱ्या बायांना विचारा, त्यांच्या तरुणपणी कोणती होती?

२. पहिल्या पावसानंतर आपण किती दिवसांनी जनावरं सोडतो? ते थोडं लांबवायचं तर कोणाला किती अडचण होईल?

३. काँग्रेस गवत फुलावर यायच्या आधी उपटायला गटातून किती जणी येतील, आणि उपटलेल्या जागी काय लावायचं?

४. भूमिहीन घरांच्या शेळ्यांची सोय आधी कशी लावायची?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सापडल्याशिवाय पुढचे ठराव करू नका. ते सापडलं की बाकीचं जमतं. प्रयोग करणाऱ्या गटांनी दसऱ्याला मोजलेले आकडे आपल्या ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. मग पुढच्या पावसाळ्यात गायरानाचा कोणता भाग राखायचा, ते आकडे समोर ठेवून ठरवता येईल.

बरं तर, येते. कामाला लागा, आणि संध्याकाळी जनावर परत आलं की त्याच्या पोटाकडे एकदा बघा.